परदेशी निघण्याआधीची लस: दिवस उलटे मोजा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी अडीचला दुकान जरा निवांत असतं, त्या वेळेला महापेच्या एका कारखान्यात काम करणारा तिशीतला मुलगा काउंटरवर आला. आमच्याच गल्लीतला, शाळेच्या दप्तरासकट पाहिलेला. म्हणाला, "ताई, काविळीची लस आहे का? सोमवारी युगांडाला निघतोय, मशीन बसवायला. ऑफिसमधून सांगितलंय, एक इंजेक्शन घ्यायचं, पिवळं कार्ड मिळतं." तो दिवस मंगळवार होता.

मी त्याला म्हटलं, "अरे, ही काविळीची लस नाही, यलो फीव्हरची. ती माझ्याकडे काय, ठाण्यातल्या कुठल्याच औषधाच्या दुकानात मिळणार नाही. आणि आज घेतलीस तरी सोमवारी तुला जाता येणार नाही." तिन्ही गोष्टी त्याला नव्या होत्या. ऑफिसने तिकीट काढलं होतं, हॉटेल ठरवलं होतं, व्हिसाची कागदपत्रं झाली होती. लस तेवढी शेवटी आठवली.

नौपाड्यात औषधाच्या दुकानात उभं राहून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत अमेरिकेला शिकायला जाणारी मुलं पाहिली, नातवंडांकडे जाणारे आजी-आजोबा पाहिले, हजला निघालेली कुटुंबं पाहिली, मसाई माराला जाणारे ग्रुप पाहिले. सगळ्यांच्या यादीत लस तळाला असते. खरं तर परदेश प्रवासात अडून बसणारी, पैसे टाकूनही लवकर न होणारी गोष्ट तीच आहे. पासपोर्ट तत्काळमध्ये मिळतो, शरीरात प्रतिकारशक्ती तत्काळमध्ये तयार होत नाही.

म्हणून सगळं नीट उलगडून सांगते.

आधी विचारा: ही लस मागतंय कोण?

प्रवासाच्या लसींबद्दलचा निम्मा गोंधळ या एका प्रश्नाने सुटतो. काही लसी देशाचा कायदा मागतो. तिथे तुमचं मत, डॉक्टरांचं मत, टूरवाल्याचं मत यांना काही किंमत नाही. प्रमाणपत्र असेल तर आत, नसेल तर बाहेर. काही लसी संस्था मागते: विद्यापीठ, जहाज कंपनी, नोकरी देणारं हॉस्पिटल. व्हिसा मिळाला म्हणजे ही अट सुटली असं नसतं. आणि काही लसी कुणीच मागत नाही. विमानतळावर त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द विचारणार नाही, पण तुमच्या शरीराला त्यांची गरज असते. या तिसऱ्या गटाकडे आपल्याकडे जवळजवळ सगळे पाठ फिरवतात. वाईट त्याचंच वाटतं, कारण आजारी माणूस त्यामुळेच पडतो.

कायद्याने मागितलेल्या लसींमध्ये भारतीय प्रवाशाला सगळ्यात जास्त गाठ पडते ती यलो फीव्हरशी.

यलो फीव्हर: न पाहिलेला आजार आणि ओळखीचा डास

यलो फीव्हर म्हणजे पीतज्वर. हा विषाणूचा आजार आहे. गंभीर झाला की यकृत बिघडतं आणि डोळे, त्वचा पिवळी पडते, म्हणून हे नाव. त्या पिवळेपणामुळेच लोक त्याला कावीळ समजतात. पण आपल्याकडची नेहमीची कावीळ पाण्यातून नाहीतर रक्तातून येते, आणि पीतज्वर डासातून. बहुतेकांना ताप, अंगदुखी, उलट्या होऊन तीन-चार दिवसांत बरं वाटतं. थोड्यांचा ताप मात्र उलटतो. रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बंद पडतात, आणि या अवस्थेला पोचलेल्यांपैकी साधारण निम्मे दगावतात. त्यावर नेमकं औषध आजही नाही.

आफ्रिका आणि दक्षिण-मध्य अमेरिका मिळून चाळीसच्या आसपास देशांत हा आजार आहे. केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, ब्राझील, पेरू ही आपल्या लोकांच्या वाटेवर येणारी नावं. भारतात हा आजार आजवर कधीच पसरलेला नाही. मग भारत सरकार त्याच्याबाबत इतकं कडक का?

याचं उत्तर तुमच्या फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये आहे. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी टॉर्च घेऊन घरी येतात, मनीप्लांटच्या बाटलीत डोकावतात, गच्चीवरचे टायर उलटे करतात. ते ज्या डासाच्या अळ्या शोधत असतात, तो पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस इजिप्ती. डेंग्यू पसरवतो तोच, चिकनगुनिया पसरवतो तोच, आणि आफ्रिकेत यलो फीव्हर पसरवतो तोही हाच. डास आपल्याकडे घरोघर आहे, फक्त विषाणू नाही. तो घेऊन एखादा प्रवासी उतरला, ताप अंगात असताना वागळे इस्टेटमध्ये त्याला डास चावला, तर पुढचं काम तो डास करील. जंगलात हा विषाणू माकडांमध्येही टिकून राहतो. येऊरच्या बाजूने सोसायट्यांच्या गच्चीवर येणारी माकडं आठवा, म्हणजे शहर आणि जंगल आपल्याकडे किती चिकटून आहेत ते कळेल. आणि आजार एकदा का माकडांत शिरला की त्याला शहरातून हाकलूनही उपयोग नाही.

ही भीती हवेतली नाही. अंगोलाची राजधानी लुआंडा इथे डिसेंबर २०१५ मध्ये मोठी साथ सुरू झाली. तिथे कामाला असलेले चिनी लोक २०१६ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्यापैकी ११ जणांना यलो फीव्हर निघाला. आशियात हा आजार पोचल्याची ही पहिलीच नोंद. तीही माणसं आमच्या गल्लीतल्या मुलासारखीच कामाला गेलेली, विमानात बसून घरी आलेली. सुदैवाने चीनमध्ये पुढे साथ पसरली नाही.

लसीच्या जन्मातही आपला थोडा वाटा आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, असिबी नावाच्या २८ वर्षांच्या तापकरी माणसाचं रक्त संशोधकांनी एका ऱ्हीसस माकडाला टोचलं. आफ्रिकेतली माकडं या आजाराला दाद देत नव्हती, म्हणून हिंदुस्थानातली माकडं आणलेली. हे माकड आजारी पडलं आणि विषाणू पहिल्यांदा प्रयोगशाळेत हाती लागला. असिबी बरा झाला. त्या गटाचे प्रमुख संशोधक एड्रियन स्टोक्स मात्र त्याच वर्षी यलो फीव्हरनेच गेले. त्याच विषाणूला पेशींमध्ये पुन्हापुन्हा वाढवून मॅक्स थायलर यांनी त्याची नखं बोथट केली आणि १९३७ मध्ये १७डी नावाची लस तयार झाली. थायलर यांना १९५१ चं नोबेल मिळालं. आज टोचतात ती तीच लस. भारतात ती हिमाचलातल्या कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत बनते.

दहा आणि सहा

या लसीत दोनच आकडे पाठ करा.

पहिला दहा. लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळं कार्ड, लागू होतं, त्याआधी नाही. हा सरकारी खाक्या नव्हे. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. तो अंगात थोडा वाढतो, शरीर त्याला ओळखतं, मग प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होतात, आणि त्याला तेवढे दिवस लागतातच. दहाव्या दिवसापर्यंत बहुतेकांत पुरेशी प्रतिकारशक्ती येते, महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांत.

दुसरा सहा. विषाणू अंगात शिरल्यापासून तीन ते सहा दिवसांत ताप येतो. यलो फीव्हरच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर तेवढे दिवस पुरे होईपर्यंत तुम्हाला विमानतळाच्या विलगीकरणात ठेवू शकतात. सहा दिवस ताप आला नाही, म्हणजे आजार बरोबर आलेला नाही. मोजणी इतकी सरळ आहे. तिथे हुज्जत घालून, ओळख काढून काही होत नाही, आणि होऊही नये.

युगांडा तर आत शिरतानाच प्रमाणपत्र मागतो, एक वर्षावरच्या प्रत्येक प्रवाशाकडे. त्या मुलाला मी दुकानातल्या कालनिर्णयसमोर उभं केलं आणि बोट ठेवून चौकोन मोजायला लावले. टोचलं तो दिवस शून्य. शुक्रवारी लस मिळाली तर पुढचा शुक्रवार सात, शनिवार आठ, रविवार नऊ, सोमवार दहा. म्हणजे मंगळवारचं विमान. तिथल्या तिथे त्याने ऑफिसला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, कार्डावर मागची तारीख घालून देणारा एक जण ओळखीचा आहे.

इथे मला राग आला, आणि अजूनही येतो. लस न घेता कार्ड आणून देणारे असतात, मागची तारीख टाकणारेही असतात. तो कागद घेऊन तुम्ही अधिकाऱ्याला फसवाल, डासाला कसं फसवणार? ज्या माणसाला आपण कामाला पाठवतो त्याच्या जिवाची किंमत आठ दिवसांच्या तिकीटबदलाइतकीही नसेल, तर मशीन नाही बसलं तरी चालेल. मी हे फोनवरच त्या माणसाला सांगितलं. तिकीट बदललं.

आता प्रत्यक्ष लस घेण्याबद्दल. ही लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांवर मिळते. यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे असते. आपल्याला जवळची म्हणजे सहारची विमानतळ आरोग्य संघटना आणि मुंबई बंदराची बंदर आरोग्य संघटना. ठाण्याहून सहारला जायचं तर घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोने मरोळ नाका, पुढे रिक्षा. नवी मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावं: उलव्याला विमानतळ झालं म्हणून लसही तिथेच मिळेल असं गृहीत धरू नका, आधी चौकशी करा. वार, वेळ आणि नाव नोंदवायची पद्धत केंद्रागणिक वेगळी असते.

रोज, हव्या त्या वेळी का टोचत नाहीत, असं लोक चिडून विचारतात. कारण लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि एका कुपीत पाच किंवा दहा जणांचे डोस असतात. पाणी घालून एकदा मिसळली की जास्तीत जास्त सहा तास. उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून माणसं जमवून ठरलेल्या वेळी टोचतात. एका माणसासाठी कुपी फोडायची म्हणजे बाकीच्यांची लस गटारात.

जाताना मूळ पासपोर्ट न्या. कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नानंतर आधार एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने असलेल्या बायकांनी जास्त लक्ष द्यावं. बॅच नंबर, तारीख, सही, शिक्का, सगळं तिथेच तपासून घ्या. टोचल्यावर अर्धा तास थांबा. पाचव्या-सहाव्या दिवशी अंग मोडून आलं, कणकण वाटली तर घाबरू नका.

आणि हे कार्ड आता आयुष्यभर चालतं. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचावं लागे. ११ जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाने एकदा घेतलेली लस जन्मभराची धरतात. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ते चालतं. कपाटातल्या जुन्या फायली बघा, बोटीवर नोकरी केलेल्यांच्या घरात अशी कार्डं हमखास सापडतात.

एक फसवी जागा सांगते. दक्षिण आफ्रिकेत यलो फीव्हर नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण स्वस्त तिकीट आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतं. मध्ये बारा तासांहून जास्त थांबा असेल तर दक्षिण आफ्रिका तुम्हाला यलो फीव्हरच्या देशातून आलेलं समजते आणि प्रमाणपत्र मागते. परतताना भारतही वाटेतला देश मोजतो. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नसेल तरच सवलतीचा विचार होतो. थोडक्यात, फक्त पोचायचा देश बघू नका, तिकिटावरचं प्रत्येक शहर बघा.

ही लस सगळ्यांना मात्र नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी (लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात), केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार, नऊ महिन्यांखालचं बाळ, गरोदरपण, तान्ह्या बाळाला अंगावर पाजणारी आई. यापैकी काही असेल तर आधी डॉक्टर. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामाची शक्यता थोडी वाढते. ती अतिशय कमी आहे, पण आहे. निवृत्तीनंतर सफारीला निघालेल्यांनी हे आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, केंद्राच्या रांगेत नव्हे. न घेण्याचं वैद्यकीय कारण असेल तर तसं पत्र मिळतं, पण पत्राने डास थांबत नाही, आणि परत आल्यावर सहा दिवसांचं विलगीकरण चुकेलच याचीही खात्री नाही.

अमेरिकेला जाणारी मुलं आणि आईची फाईल

मे-जूनमध्ये काउंटरवर दुसरी गर्दी सुरू होते. मुलगा किंवा मुलगी मागे मोबाइलमध्ये, आणि आई हातात प्लास्टिकची फाईल घेऊन. फाईलमध्ये बाळाच्या डॉक्टरांचं पुस्तक, पिवळं पडलेलं, पहिल्या पानावर वजन २ किलो ८००. विद्यापीठाने एक फॉर्म पाठवलेला असतो आणि त्यात गोवर, गालगुंड, रुबेला, धनुर्वात, कांजिण्या, मेंदूज्वर (मेनिंजायटिस), टीबी असं सगळं विचारलेलं असतं.

पहिली अडचण एमएमआरची, म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींच्या एकत्र लसीची. बहुतेक विद्यापीठं दोन डोस मागतात, दोन्हींत निदान २८ दिवसांचं अंतर. आपल्या बऱ्याच मुलांना लहानपणी एकच मिळालेला असतो. मग आई म्हणते, "शाळेत दिला होता की!" बरोबर आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून मोठी मोहीम झाली होती. पण ती लस एमआर होती: गोवर आणि रुबेला. मधला एम, म्हणजे गालगुंड, तिच्यात नव्हता. फॉर्मवर तो रकाना रिकामाच राहतो. अशा वेळी डोस पुरे करावेत, नाहीतर रक्तात प्रतिपिंडं आहेत का ते तपासून तो रिपोर्ट जोडावा. बरीच विद्यापीठं तो स्वीकारतात.

दुसरी अडचण धनुर्वाताची. पडल्यावर, खिळा लागल्यावर घेतलेलं टीटी इथे चालत नाही. तिकडे टीडॅप मागतात, ज्यात घटसर्प आणि डांग्या खोकलाही असतो.

तिसरी टीबीची, आणि इथे मुलं उगाच घाबरतात. आपल्याकडे जन्मतः टीबीची लस, बीसीजी, देतात. डाव्या दंडावरचा तो छोटा व्रण. त्यामुळे हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजायची जी माँटू तपासणी असते, ती टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तातून होणारी इग्रा तपासणी, जिला लॅबवाले टीबी गोल्ड म्हणतात, ती बीसीजीने फसत नाही. विद्यापीठ दोन्हींतली कुठलीही चालेल म्हणत असेल तर रक्ताचीच करा. क्रमही सांभाळा: टीबीची तपासणी एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी. एमएमआर आधी होऊन गेली असेल तर चार आठवडे थांबा, कारण ती लस काही दिवस तपासणीचा निकाल दाबू शकते.

तोच चार आठवड्यांचा नियम दोन जिवंत लसींनाही लागू आहे. एक दुबळा विषाणू अंगात शिरला की शरीर सावध होतं, दारं-खिडक्या लावून घेतं. त्या काळात दुसरा दुबळा विषाणू टोचला तर त्याला आत रुजायलाच मिळत नाही आणि ती लस वाया जाते. म्हणून एमएमआर, कांजिण्या, यलो फीव्हर अशा टोचायच्या जिवंत लसी एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडावेत. मेंदूज्वर, टीडॅप, हिपॅटायटिस बी या मृत लसींना हे बंधन नाही. हिपॅटायटिस बी नव्याने घ्यायची वेळ आली तर मात्र तिचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात, म्हणजे प्रवेशाचं पत्र येण्याची वाट बघत बसायचं नाही.

आणि तारखा! हे अगदी छोटं आहे, पण यात मुलं अडकलेली मी पाहिली आहेत. आपण ०४/११ लिहितो ते चार नोव्हेंबर. अमेरिकेत तोच आकडा अकरा एप्रिल वाचतात. दोन डोसांतलं अंतर त्यामुळे उलटंसुलटं होतं, कधी डोस जन्माच्या आधीचा निघतो. डॉक्टरांना महिना अक्षरात लिहायला सांगा. महापालिकेच्या दवाखान्यातलं जुनं कार्ड मराठी आकड्यांत असेल तर त्यातल्या नोंदी डॉक्टरांकडून इंग्रजीत उतरवून, सही-शिक्का घेऊन ठेवा.

हज, उमरा आणि १८९७ ची मुंबई

मुंब्रा, भिवंडी, राबोडीतून दरवर्षी हजला आणि वर्षभर उमराला माणसं जातात. सौदी अरेबिया त्यांच्याकडे मेंदूज्वराच्या जंतूच्या चार प्रकारांवरची लस मागतो, पोचण्याच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली. लसीच्या प्रकारानुसार ती तीन किंवा पाच वर्षं चालते. ही अट उगाच आलेली नाही. २००० आणि २००१ च्या हजमध्ये या जंतूच्या डब्ल्यू-१३५ प्रकाराची साथ झाली आणि यात्रेकरूंबरोबर ती देशोदेशी गेली. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांसाठी शिबिरं लागतात, तिथे मोठ्या माणसांनाही पोलिओचे थेंब पाजतात. लाजू नका, घ्या. खासगी टूरने उमराला जाणारे मात्र या शिबिरांत नसतात, त्यांना स्वतःच बघावं लागतं.

हे सांगताना मला नेहमी आठवतं की एके काळी जग आपल्या शहराला घाबरत होतं. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला, आणि मुंबईच्या बोटी युरोपच्या बंदरांना नकोशा झाल्या. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसला देशोदेशीचे प्रतिनिधी जमले, विषय हाच: मुंबईचा प्लेग आपल्या दारात यायचा कसा थांबवायचा. त्याच वर्षी १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस इथे मुंबईत स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. आपल्याला आज दुसऱ्या देशाच्या प्रवाशाबद्दल जो संशय वाटतो, तो आपल्या पणजोबांनी सोसलेला आहे.

कुणीच न मागितलेल्या लसी

मुलाकडे न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला सहा महिने जाणारे आई-बाबा. त्यांच्या बॅगेत बीपीच्या, शुगरच्या गोळ्या मोजून असतात, मेतकूट असतं, थालीपिठाची भाजणी असते. फ्लूची लस नसते. थंडीत उतरायचं, बंद घरात राहायचं, नातवंडं शाळेतून सर्दी आणणार. फ्लूची लस निघण्याआधी दोन आठवडे घ्या. ऑस्ट्रेलियात आपल्या पावसाळ्यात थंडी असते, तेव्हा तिथला मोसम बघा. पासष्टीपुढच्यांनी आणि मधुमेह, दमा असलेल्यांनी न्यूमोनियाच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावं. तिकडे एक रात्र हॉस्पिटलात काढायचा खर्च किती येतो, ते मुलालाच विचारा.

हिपॅटायटिस ए, म्हणजे पाण्यातून येणारी कावीळ, ही आमच्या पिढीला लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांना ती झालेली नसते, आणि मोठेपणी झाली तर जास्त त्रास देते. आफ्रिकेत, आग्नेय आशियात फिरायला जाणाऱ्या तरुणांनी ही आणि टायफॉइडची लस घेतलेली बरी. कोविडच्या लसीची अट बहुतेक देशांनी काढली आहे.

यातल्या बऱ्याच लसी माझ्यासारख्यांच्या दुकानातून नेऊन डॉक्टरांकडे टोचून घेतात. म्हणून एक विनंती. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. मी बर्फाच्या पिशवीसोबत देते, पण मध्ये कागद घालते, कारण गोठली तर बऱ्याच लसी निकामी होतात. ती पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकून आधी भाजी आणायला जाऊ नका. घरच्या फ्रीजच्या दारात ठेवू नका. डॉक्टरांची वेळ घ्या आणि मग न्यायला या.

तो मुलगा ठरल्याप्रमाणे शुक्रवारी सहारला जाऊन आला आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा दुकानात आला. पिवळं कार्ड पासपोर्टला रबरबँडने बांधलेलं. म्हणाला, "आता मलेरियाची लस पण देऊन टाका." मलेरियाच्या लसी आल्या आहेत, त्यातली आर-२१ तर पुण्याच्या सीरममध्येच बनते, पण त्या आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहेत. मोठ्या प्रवाशाला गोळ्याच घ्याव्या लागतात, त्याही डॉक्टरांच्या चिठ्ठीने. त्याला डॉक्सिसायक्लिन लिहून दिली होती: निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून, तिथे असताना रोज, आणि परत आल्यावर आणखी चार आठवडे. हे शेवटचे चार आठवडेच लोक सोडून देतात, कारण घरी पोचल्यावर आजार मागे राहिला असं वाटतं. यकृतात लपलेला परजीवी रक्तात उतरायला वेळ घेतो, गोळ्या त्याच्यासाठी असतात.

तीन आठवड्यांनी तो परतला आणि एका संध्याकाळी उरलेल्या स्ट्रिप घेऊन आला, पुरतील का विचारायला. मी कालनिर्णय काढून त्याच्यासमोर ठेवलं. या वेळी चौकोन त्याने स्वतःच मोजले, अठ्ठावीस. चार गोळ्या कमी पडत होत्या. चिठ्ठी बघून मी त्या दिल्या, आणि त्याला सांगितलं की पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: मी युगांडाला जाऊन आलोय.